स्पिन आणि शेपूट: ‘किरण’नंतरचं जेट प्रशिक्षण विमान

हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचं जेट प्रशिक्षण विमान एचजेटी-१६, म्हणजे ‘किरण’, ४ सप्टेंबर १९६४ रोजी पहिल्यांदा उडालं. त्याची रचना डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झाली. जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीचे शास्त्रज्ञ प्रान्टल यांच्याकडे डॉक्टरेट केलेला हा मराठी माणूस आपल्याकडे फारच कमी आठवला जातो. ‘किरण’मध्ये व्हायपर इंजिन होतं, रेटा (विमान पुढे ढकलणारा जोर) सुमारे ११३० किलो. आसनं शेजारी-शेजारी, त्यामुळे विद्यार्थ्याचा हात कुठे आहे, नजर कुठे आहे, हे प्रशिक्षकाला थेट दिसायचं. गोव्यात दाभोळीला नौदलानंही ही विमानं वापरली.

‘किरण’ची जागा घेण्यासाठी आखलेलं एचजेटी-३६ ७ मार्च २००३ रोजी बंगळुरूत उडालं. इथे आसनं एकामागे एक आणि मागचं उंच. आधी लार्झॅक इंजिन, मग जास्त रेट्याचं रशियन एएल-५५आय. पण घोडं अडलं ते स्पिनपाशी, म्हणजे विमान गरगरत खाली पडू लागतं तिथे.

नाक फार वर गेलं की पंखावरून हवेचा प्रवाह सुटतो आणि लिफ्ट, म्हणजे विमान वर तोलणारा जोर, कोसळते, हा स्टॉल. त्याच वेळी विमान एका बाजूला वळत असेल, तर एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त स्टॉल होतो. तो खाली जातो, तिकडे हवेचा अडथळा वाढतो, विमान त्याच बाजूला फिरतं आणि फिरणं चालूच राहतं. आता हवा खालून येते आहे. आडव्या शेपटाच्या वर गढूळ हवेचा पट्टा तयार होतो. रडर, म्हणजे उभ्या शेपटाचा हलता भाग, त्या पट्ट्यात सापडला, तर तो हलवणारं पायाचं पेडल शेवटपर्यंत दाबूनही उपयोग होत नाही.

प्रशिक्षण विमानात हे चालत नाही, कारण विद्यार्थ्याला मुद्दाम स्पिनमध्ये घालून त्यातून बाहेर यायला शिकवायचं असतं. सर्वसाधारण क्रम असा: थ्रॉटल आयडलवर (इंजिनचा जोर किमान), एलेरॉन (पंखांच्या टोकाकडचे हलते भाग) मधोमध. खाली गेलेला पंख उचलायला स्टिक बाजूला नेण्याचा मोह होतो; अनेक विमानांत त्यानं स्पिन आणखी घट्ट होतो. टर्न इंडिकेटर या वळण दाखवणाऱ्या उपकरणावर फिरण्याची दिशा पक्की करायची, उलट बाजूचा पूर्ण रडर द्यायचा, मग स्टिक पुढे. फिरणं थांबताच रडर मधोमध, नाहीतर उलट स्पिन सुरू होतो. शेवटी डाइव्हमधून सावकाश वर यायचं. घाईनं ओढलं की पुन्हा स्टॉल.

एचजेटी-३६ वर उभं शेपूट मागे सरकवलं आणि रडरचा पृष्ठभाग वाढवला. हे काम ऐकायला छोटं वाटतं, पण शेपूट हलवलं की विमानाचा समतोल आणि स्थिरता, दोन्हींचा हिशेब नव्यानं मांडावा लागतो. बदललेलं विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडालं. चाचण्यांसाठी त्यावर अँटी-स्पिन पॅराशूटही बसवलं होतं: रडर हरला, तर शेपटामागे उघडून फिरणं थांबवण्यासाठी. २०२२ च्या जानेवारीपर्यंत डावीकडे आणि उजवीकडे सहा-सहा फेऱ्यांचे स्पिन सिद्ध झाले. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासाव्याच लागतात, कारण इंजिनचा रोटर एकाच दिशेनं फिरतो आणि त्याचा जायरोस्कोपिक परिणाम (फिरत्या वस्तूचा अक्ष वळवताना उमटणारा जोर) एका बाजूच्या स्पिनमध्ये नाक वर ढकलतो, दुसऱ्या बाजूच्या स्पिनमध्ये खाली.