पाणी कुणाच्या हातचं

(एका ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मला कळवलेला विषय होता 'श्रद्धाळू आई आणि आजी'. असा विषय हातात पडला की वक्ता पाच मिनिटांत देवघरातल्या समईपाशी पोचतो आणि तिथून काही हलत नाही. म्हणून मी सुरुवात मोरीपासून करते.

आमच्या आजीकडे मोरीच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असायचा. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा. चहा वरून ओतायचा, गाळण्याचा स्पर्श कपाला होऊ द्यायचा नाही. पिऊन झालं की बाईंनीच तो विसळायचा आणि जागेवर ठेवायचा. आजी मायाळू होती हो. दारातून कुणी उपाशी गेलेलं मी पाहिलं नाही. पोथी वाचताना तिचे डोळे भरून यायचे. आणि कप कोनाड्यात. लहानपणी मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, हेही सांगून टाकते.

त्या कपाकडे मी नीट पाहिलं ते लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र वाचल्यावर. आज बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या गोखले. १८५७च्या बंडात त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं, ते काही उतरलं नाही. बाहेरून आलेली वस्तू पाण्यातून निघाल्याशिवाय घरात यायची नाही. त्यापायी घरातल्या बायकांनी किती घागरी वाहिल्या असतील! लक्ष्मीबाईंनी हे असं लिहिलंय की आपण खो खो हसतो. हसून झाल्यावर लक्षात येतं, त्या पाण्यात ही पोर कुडकुडत उभी असणार.

अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक. कवी, उदार, आणि कधी न सांगता घरातून निघून जाईल याचा नेम नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाले. मुलगा दत्तू तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांचा. पुढची काही वर्षं बाई त्याला घेऊन वेगळ्या राहिल्या, त्यातला काही काळ पंढरपुरात. नवरा आहे आणि नाहीही, अशा बाईकडे हळदीकुंकवाच्या दिवशी शेजारपाजार कसा बघत असेल, ते या सभागृहातल्या बायकांना मी समजावून सांगायला नको.

पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, पण आपलं सोवळं बरोबर घेऊन. संसार एक, पाणी वेगळं. आणि मग राहुरीला ती गोष्ट घडली. कुणाचं प्रवचन नाही, चमत्कार नाही. बाई एकट्याच विचार करत होत्या. जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं केल्या असत्या तर जन्मण्यात, मरण्यात, अंगातल्या रक्तामांसात कुठे तरी फरक दिसला असता की! तो तर दिसत नाही. झालं. कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. स्वतःचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी घागर बाटली, मग धर्म बदलला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. पुष्कळांचं उलटं होतं, धर्म बदलतो आणि घागर तशीच राहते.

यापुढचं त्यांचं आईपण मोजायला दत्तू एकटा पुरत नाही. नगरला प्लेग आला तेव्हा आजारी मुलींच्या उशाशी त्या बसल्या. तारा नावाची मुलगी पोटच्या पोरीसारखी वाढवली. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरात राहिला. लहरी पोरगा, त्याचे रुसवेफुगवे काढायचे ते बाईंनीच. ५ मे १९१८ला भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला. त्यानंतर वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ला, टिळक गेले. तारखा शेजारी ठेवून पाहा एकदा.

वैधव्यातल्या वर्षांत, मुलाच्या नोकरीमुळे, त्या कराचीला जाऊन राहिल्या. टिळकांचं 'ख्रिस्तायन', म्हणजे ख्रिस्ताच्या चरित्रावरचं महाकाव्य, अर्धवटही म्हणता येऊ नये इतकं थोडं झालं होतं. त्याचे बहुतेक अध्याय या बाईंनी लिहिले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं! 'स्मृतिचित्रे'ची गंमत तर आणखी वेगळी. देवदत्तांना, म्हणजे आपल्या दत्तूला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यांनी आईला म्हटलं, तुला आठवेल ते लिहून दे. आई लिहायला बसली नवऱ्याबद्दल, आणि लिहून झाली स्वतः. पहिला भाग १९३४ला आला. शेवटचा भाग यायच्या आत, २४ फेब्रुवारी १९३६ला, त्या गेल्या. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी त्या पुस्तकाची आवृत्ती संपादित केली, तीही टिपांसकट. आपल्याकडे नातवंडं आजीच्या हातच्या लोणच्याची आठवण काढतात. इथे नातू आजीच्या एकेका ओळीखाली टीप लिहितोय, हा माणूस कोण, हे गाव कुठलं. आणि लक्ष्मीबाईंच्या मागून निघालेल्या त्यांच्या कवितासंग्रहाचं नाव काय, तर 'भरली घागर'.

आता आमच्या आजीचं सांगते आणि थांबते. ती नव्वदी ओलांडून गेली. शेवटच्या उन्हाळ्यात मी तिला दुपारी 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवायची. जलालपूरचं सोवळं ऐकताना ती पदरानं डोळे पुसत हसायची, "मेल्याला कामधंदा नव्हता." राहुरीचा भाग आला त्या दिवशी मात्र हसली नाही. "थांब गं जरा," म्हणाली, उशाच्या तांब्यातलं दोन घोट पाणी प्यायली. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "वाच पुढं."

मी पुढं वाचलं. त्यावर ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. दिवाळीनंतर घर रिकामं करायला गेलो, तर कप कोनाड्यातच होता. पालथा घातलेला, स्वच्छ विसळलेला.