नमोर : पाणी अंगाला लागलं आणि आठवलं

(काचेची टाकी. काळ्या शाईचा एक थेंब पाण्यात पडतो.)

शाई पाण्यात पडली की आधी तिला शेपूट फुटतं. मग फांद्या फुटतात, फांद्यांचा ढग होतो. थोड्या वेळानं तो ढग कुठे गेला ते सांगता येत नाही. पाणी तेवढं जरासं काळसर झालेलं असतं.

(कॉमिकचं पान. कॅमेरा वरच्या चौकटीवरून खालच्या चौकटीवर उतरतो.)

हा माणूसही पाण्यात पडतोय. त्याची दाढी नुकतीच उतरवली आहे, अंगावर फाटके कपडे आहेत. नाव काय, घर कुठे, कुणाचा कोण, यातलं त्याला काहीही माहीत नाही. एका मुलानं त्याला उचलून इथवर आणलं आणि समुद्रावर आल्यावर हात सोडून दिला.

दुसरा कुणी असता तर बुडाला असता. याला पाणी अंगाला लागताच सगळं आठवतं.

त्याचं नाव नमोर. समुद्राच्या तळाशी वसलेल्या एका राज्याचा हा राजपुत्र. सब-मरिनर म्हणून वाचक त्याला ओळखतात. आपण पाहतोय ती पानं फँटॅस्टिक फोर या कॉमिकच्या चौथ्या अंकातली, मे 1962 ची. लेखन स्टॅन ली यांचं, चित्रं जॅक कर्बी यांची.

थोडं मागे जाऊ. ही चौकट बघा. न्यूयॉर्कमधला बॉवरी भाग. आयुष्यात हरलेली माणसं त्या काळी इथे येऊन पडत. चार पैशांत रात्रीपुरती खाट मिळेल असे निवारे होते. जॉनी स्टॉर्म हा तरुण पोरगा आपल्या माणसांशी भांडून अशाच एका निवाऱ्यात येतो. त्याच्या अंगात आग आहे, मनात आणली की ती बोटातून बाहेर येते. तिथे त्याच्या हाताला एक जुनं, चुरगळलेलं कॉमिक लागतं, 1940 च्या दशकातलं. त्यात सब-मरिनरची गोष्ट असते. आणि त्याच खोलीत, दाढीच्या जंगलाआड, तो स्वतः बसलेला असतो. आपण कोण हे विसरून.

इथे थांबू. हे पान आम्ही टेबलावर ठेवून कितीतरी वेळा चित्रित केलं. जॉनी बोटाची ज्वाळा बारीक करतो आणि त्या ज्वाळेनं समोरच्याची दाढी उतरवतो. न्हाव्याचा वस्तरा जिथून फिरावा तिथून आग फिरते. केस जातात आणि खालून एक चेहरा वर येतो. हनुवटीकडे निमुळता, त्रिकोणी. भुवया कानशिलाकडे चढलेल्या, कान टोकदार. मुलानं आत्ताच कॉमिकमध्ये पाहिलेला चेहरा.

आगीनं चेहरा परत दिला, पण आठवण नाही. ती पाण्याकडेच होती.

(निळसर पाणी. वरून येणारा उजेड हळूहळू कमी होत जातो.)

नमोर पोहत घरी जातो. सगळं आठवलेला माणूस दुसरं काय करणार? तो तळाशी पोचतो आणि तिथे घर नसतं. भिंती कोसळलेल्या, रस्ते ओस. पाण्यात एक वेगळीच चमक, किरणोत्सर्गाची. त्याची माणसं कुठे पांगली हे सांगायलाही कुणी उरलेलं नाही. हे माणसांनी केलं, त्यांच्या अणुचाचण्यांनी केलं, एवढं त्याला कळतं.

(जुनी कृष्णधवल चित्रफीत. शांत पाणी, दूरवर नांगरलेल्या बोटी.)

ही चित्रफीत कॉमिकमधली नाही. ही खरी आहे. 25 जुलै 1946. प्रशांत महासागर, मार्शल बेटं, बिकिनी नावाचं प्रवाळबेट. अमेरिकेनं या चाचणीला नाव दिलं होतं बेकर. बॉम्ब पाण्याखाली सुमारे 27 मीटरवर टांगलेला आहे. आता बघा.

(आवाज नाही. पाण्याचा खांब वर उठतो.)

वीस लाख टनांच्या आसपास पाणी वर गेलं. त्या खांबाच्या पायथ्याशी जे काळे ठिपके दिसतात त्या युद्धनौका आहेत, स्फोटाचा परिणाम पाहायला मुद्दाम उभ्या केलेल्या. खांब खाली बसताना जे धुकं चहूकडे पसरलं, त्यानं उरलेल्या नौका एवढ्या किरणोत्सारी झाल्या की त्या धुऊन साफ होईनात. बेटावरच्या 167 लोकांना आधीच मार्च महिन्यात तिथून हलवलं होतं. थोड्याच दिवसांसाठी, असं सांगून.

नमोरचं बुडालेलं घर कुणाच्या तरी कल्पनेतून आलं. त्याला बुडवणारं पाणी मात्र या चित्रफितीत आहे. 1963 च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत करार झाला आणि हवेत, अंतराळात व पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याचं अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटननं मान्य केलं. कॉमिकचा तो अंक त्याच्या वर्षभर आधीचा.

(लाकडी फळीवर कागद. दौत, कुंचला. हात.)

आता आपण नमोर जन्माला आला त्या दिवसांत जाऊ. इथे आम्हाला जास्त वेळ घालवायचा आहे.

1939. न्यूयॉर्क. बिल एव्हरेट नावाचा एक चित्रकार, वय 21. जन्म मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजचा. लहानपणी क्षय झाला म्हणून त्याला ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत ठेवलं होतं. समुद्राचं वेड असलेलं पोर वाळवंटात. बॉस्टनच्या कलाशाळेत गेला, शिक्षण पुरं केलं नाही. आणि मग या शहरात कॉमिकची पानं तयार करून प्रकाशकांना पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो काम करू लागला. तिथेच कार्ल बर्गोस हा दुसरा तरुण होता. त्यानं आगीचा माणूस काढला, ह्यूमन टॉर्च. एव्हरेटनं पाणी घेतलं.

नावाची गोष्ट इंग्रजी अक्षरांत जुळून येते. एव्हरेट भारदस्त शब्द उलटे लिहून बघत होता. ‘Roman’ हा शब्द शेवटून वाचा. Namor, नमोर. घोट्यांवरचे ते इवलेसे पंख पाहिलेत? तेही रोमन देव मर्क्युरीच्या पुतळ्यावरून आलेले.

पण आम्हाला दाखवायचं आहे ते पाणी.

काळ्या शाईनं पाणी काढायचं कसं? लाट काढता येते, तिला कड असते. लाटेच्या खालचं पाणी कसं काढाल? त्याला कड नाही, टोक नाही. एव्हरेटनं त्यासाठी एक खास कागद घेतला, क्राफ्टिंट. तो दिसायला साधा, पांढरा. पण त्यात रेषांच्या दोन जाळ्या आधीच दडवलेल्या असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. चित्रकार आधी नेहमीसारखं शाईनं चित्र काढतो. मग एका बाटलीतलं द्रावण कुंचल्यानं लावतो. जिथे कुंचला ओला टेकला तिथे बारीक समांतर रेषा वर येतात, फिकी सावली पडते. दुसऱ्या बाटलीतलं द्रावण लावलं की एकमेकींना छेदणाऱ्या रेषा उमटतात, सावली गडद होते. बस, दोनच छटा. चूक झाली तर ती पुसण्याची सोय नाही.

तो कागद आता मिळत नाही. आमच्यासमोर बसलेले हे चित्रकार साध्या कागदावर, साध्या टोकाच्या लेखणीनं तोच परिणाम साधायचा प्रयत्न करत आहेत. एका तळहाताएवढ्या चौकटीला त्यांना अर्धी दुपार लागली. हात बघा त्यांचा. श्वास रोखून रेघ ओढतात आणि रेघ संपल्यावर सोडतात.

(जुनं पान, अगदी जवळून. रेषांचं जाळं, त्यावर रंगाचे ठिपके.)

आणि हे एव्हरेटचं पाणी. त्याच वर्षी ही गोष्ट रंगात छापली गेली तेव्हा या जाळ्यांवर रंगाचे ठिपके बसले, कागद स्वस्त वर्तमानपत्री, आणि सगळं गढूळ झालं. छपाईतला दोष म्हणून अनेकांनी त्याकडे पाहिलं असेल. आम्हाला तसं वाटत नाही. ज्यांनी पाण्याखाली डोळे उघडून पाहिलंय त्यांना विचारा. तळ असाच दिसतो.

आता या पानांवर काय घडतं ते बघा. बुडालेल्या जहाजापाशी दोन पाणबुडे उतरतात. अंगात धातूचे अवजड पोशाख, डोक्यावर गोल शिरस्त्राण, वर जाणाऱ्या नळ्या. समोरून एक उघडा माणूस येतो. पाणबुडे म्हणजे त्याला यंत्रं वाटतात आणि तो त्यांना मारून टाकतो. आपण केवढा पराक्रम केला हे दाखवायला त्यांना घेऊन आईकडे जातो. पोशाखाच्या आत माणसं निघतात.

तेव्हा आई त्याला सगळं सांगते. तिचं नाव फेन. या राजपुत्राला स्वतःच्या जन्माची गोष्ट कळते ती अशी, दोन मेलेल्या माणसांच्या शेजारी बसून.

1920 साल. दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात ‘ओरॅकल’ नावाचं जहाज आलं. शास्त्रीय मोहीम होती. जहाजावरच्या लोकांनी पाण्यात स्फोट केले. खाली कुणी राहत असेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. फेनला हेर म्हणून वर पाठवलं गेलं. ती जहाजावर राहिली, त्यांची भाषा शिकली आणि कमांडर मॅकेन्झीच्या प्रेमात पडली. दोघांनी लग्न केलं. ती खाली निरोप पाठवत राहिली, खालचे लोक लढायची तयारी करत राहिले, आणि तयारी पुरी व्हायच्या आत स्फोटांनी जवळजवळ सगळे संपले. नमोर तिचा आणि त्या कमांडरचा मुलगा. ज्यांनी घर उडवलं त्यांचंच अर्धं रक्त.

बिकिनीच्या सात वर्षं आधी काढलेली ही चित्रं आहेत, हे लक्षात असू द्या. त्या काळचे बाकीचे बलवान नायक शहरं वाचवत होते. हा एकटा समुद्राच्या बाजूनं उभा राहिला आणि आपल्याला जाब विचारू लागला. त्याची बाजू पूर्णपणे चुकीची आहे असं एव्हरेटनं कुठेही काढलेलं नाही.

(पानं भराभर उलटतात.)

पुढे तो न्यूयॉर्कवर चालून गेला, ह्यूमन टॉर्चशी लढला, 1941 च्या एका अंकात अख्खा समुद्र शहरावर चढवला, मग महायुद्धात नाझींविरुद्ध लढला. युद्धानंतर वाचक कमी झाले आणि 1955 च्या सुमाराला तो दिसेनासा झाला. सात वर्षांनी बॉवरीत सापडला, ते आपण पाहिलंच.

(1968 चं मुखपृष्ठ.)

मे 1968. नमोरचं स्वतःचं कॉमिक. रॉय थॉमस यांचं लेखन, जॉन ब्युसेमा यांची चित्रं, आणि चित्रं देखणी आहेत. संकटात सापडलेला नमोर पुन्हा सगळं आठवत जातो: बर्फ, जहाज, आई. आणि इथे आठवण बदलते. त्याचं शहर उद्ध्वस्त केलं, त्याची स्मृती पुसून त्याला वर पाठवून दिलं, ते सगळं डेस्टिनी नावाच्या एका दुष्टानं, डोक्यावरच्या जादुई शिरस्त्राणाच्या बळावर. गोष्ट बांधेसूद झाली. पण पाण्यातली ती चमक गेली. जबाबदार धरायला एक खलनायक मिळाला आणि आपण सुटलो. आम्हाला 1962 ची आठवण खरी वाटते.

1972 मध्ये एव्हरेट आपल्या या मानसपुत्राकडे परत आला. नमोर पुन्हा त्याच्या हातून उतरू लागला. दारू सुटली होती, इतरांची सुटावी म्हणून तो धडपडत होता. फेब्रुवारी 1973 मध्ये तो गेला. वय 55.

आपल्याकडे बहुतेकांनी नमोरला पहिल्यांदा पाहिलं ते 2022 च्या सिनेमात. तिथे त्याचं मूळ माया लोकांमध्ये आहे. पंख मात्र घोट्यावरच आहेत. त्याच वर्षी 1939 च्या त्या पहिल्या रंगीत अंकाची एक प्रत 24 लाख डॉलरला विकली गेली. कोणत्या चित्रकाराला किती पैसे द्यायचे, याच्या हातानं लिहिलेल्या नोंदी त्या प्रतीवर आहेत.

(पान पुन्हा टेबलावर. कॅमेरा उजव्या कोपऱ्याकडे सरकतो.)

एक चौकट राहिली.

नमोरची गोष्ट आधी आठच पानांची होती, काळ्यापांढऱ्या रंगात. चित्रपटगृहांत मुलांना फुकट वाटायच्या एका साप्ताहिकासाठी ती काढली होती. आठव्या पानाच्या शेवटी एका लहानशा पट्टीत लिहिलं होतं, ‘पुढे चालू, पुढच्या आठवड्यात’. ते साप्ताहिक कधी वाटलंच गेलं नाही. नमुन्याच्या मोजक्या प्रती निघाल्या, त्या 1974 मध्ये कंपनीच्या मालकाच्या मृत्यूनंतर त्याच्या सामानात सापडल्या. तोवर एव्हरेटला जाऊन वर्ष झालं होतं.

गोष्ट वाया जाऊ नये म्हणून त्यानं 1939 मध्येच आणखी चार पानं जोडली आणि ती ऑक्टोबरच्या रंगीत अंकात आली. आठव्या पानावरची पट्टी तशीच राहिली. आतली अक्षरं तेवढी काढली गेली.

ही बघा. नमोरच्या चित्राखाली, कोपऱ्यात. आत काही लिहिलेलं नाही.

(पट्टीवर कॅमेरा स्थिर. पाण्याचा आवाज. पडदा काळा.)