देणं फेडलं, पाहुणे बोलावले : फिनलंड, 1952

श्रोतेहो, नमस्कार.

आज 1952 सालच्या फिनलंडबद्दल बोलायचं आहे. लोकसंख्या 40 लाखांच्या आसपास, हिवाळा लांबलचक आणि शेजारी सोव्हिएत संघासारखा अवाढव्य देश. या फिनलंडने त्या वर्षी दोन कामं तडीस नेली. युद्धाचं देणं पुरतं फेडलं आणि ऑलिंपिकसाठी सगळं जग घरी बोलावलं. देणंही फेडलं आणि पाहुणेही बोलावले, एकाच वर्षात. हे लक्षात असू द्या.

देणं कसलं? दुसऱ्या महायुद्धात फिनलंड सोव्हिएत संघाशी दोनदा लढला आणि 1944 मध्ये त्याला तह करावा लागला. पूर्व सरहद्दीवरचा कारेलियाचा मुलूख गेला. तिथली 4 लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून आली. त्यांना सरकारने कायदा करून जमिनी दिल्या. वर भरपाई लादली गेली : 30 कोटी डॉलर. तीही रोकड नव्हे, मालाच्या रूपात. जहाजं, रेल्वे इंजिनं, यंत्रं, केबल, कागद, लाकूड. आणि माल उशिरा पोचला तर दंड दरमहा 5 टक्के! आपल्याकडच्या जुन्या सावकारी व्याजाच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या असतील, त्यांना या आकड्याची धग वेगळी सांगायला नको. पुढे 1948 मध्ये उरलेल्या देण्यात सूट मिळाली, पण काम थांबलं नाही. घरात मात्र साखर आणि कॉफी रेशनवर. तीही 1954 पर्यंत.

आता ऑलिंपिक. खरं तर राजधानी हेलसिंकीला ते 1940 मध्येच भरायचं होतं. स्टेडियम बांधून तयार होतं, शेजारी उंच पांढरा मनोरा होता. त्या मनोऱ्याची उंची 72 मीटर 71 सेंटिमीटर. त्यांच्या मात्ती यार्विनेनने 1932 च्या ऑलिंपिकमध्ये जेवढा लांब भाला फेकला, तेवढीच. मला हे फार आवडतं. आपण इमारतींना पुढाऱ्यांची नावं देतो. खेळाडूच्या फेकीएवढी इमारत कुणी बांधल्याचं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही. असो. युद्ध आलं, स्पर्धा रद्द झाली आणि ते स्टेडियम बारा वर्षं थांबून राहिलं.

आणि आला 19 जुलै 1952. आता जे सांगतो ते जरा निवांत ऐका.

पाऊस पडत होता. प्रेक्षक 70,000 च्या घरात. मैदानावर देशोदेशीचे खेळाडू रांगा धरून भिजत उभे. त्यांत सोव्हिएत संघाचेही, त्यांचं हे पहिलंच ऑलिंपिक. मशाल घेऊन शेवटचा धावक कोण येणार, हे गुपित ठेवलेलं होतं. मशाल आत आली. मोठ्या फलकावर नाव उमटलं : पावो नुर्मी.

हा नुर्मी तुर्कू गावातल्या सुताराचा मुलगा. लहानपणीच वडील गेले, शाळा सुटली आणि हा पोरगा सामानाच्या गाड्या चढावर ढकलायच्या कामाला लागला. 1912 मध्ये हान्नेस कोलेमायनेन या फिनिश धावपटूने स्टॉकहोमला तीन सुवर्णपदकं जिंकली, ते ऐकून नुर्मीने धावणं मनावर घेतलं. पण तेव्हा फिनलंड रशियाच्या ताब्यात होता. कोलेमायनेन जिंकला की वर चढायचा तो झेंडा रशियाचा! तो बघून, आपण जिंकलोच नसतो तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं, अशी आठवण सांगतात.

नुर्मीने पुढे तीन ऑलिंपिकमध्ये मिळून नऊ सुवर्णपदकं मिळवली. 1932 मध्ये लॉस एंजेलिसला मॅरेथॉन धावून शेवट करायचा, ही त्याची इच्छा. तिथे पोचलाही होता. पण ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी, म्हणजे पैसे न घेता खेळणाऱ्या खेळाडूंसाठी होतं. धावण्याचे पैसे घेतले, तू हौशी नाहीस, असा ठपका ठेवून त्याला स्पर्धेबाहेर काढलं. मुळात अबोल माणूस, तो आणखीच अबोल झाला.

त्याच नुर्मीच्या हातात वीस वर्षांनी ऑलिंपिकची मशाल होती. वय 55, डोक्याला टक्कल, पण धावण्याची ढब तीच, ताठ आणि संथ. नाव दिसलं आणि स्टेडियम दणाणलं. रांगेतल्या खेळाडूंना शिस्तीत उभं राहायला बजावलेलं असणार, पण रांगा मोडल्या! तरणेताठे खेळाडू त्याला जवळून बघायला धावपट्टीच्या कडेला पळाले. नुर्मीने खाली ज्योत पेटवली. मग मशाल मनोऱ्यावर गेली. वर कोण उभं होतं? कोलेमायनेन! ज्याच्या विजयाला परक्याचा झेंडा चढला होता, त्याच माणसाने स्वतंत्र फिनलंडच्या राजधानीत, रशियन खेळाडूंच्या देखत, वरची ज्योत पेटवली. भाषण नाही, घोषणा नाही. दोन धावपटू आणि एक मशाल.

याच हेलसिंकीत 23 जुलैला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. जपानच्या इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. मधे अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती, पण ते ठणकावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. मल्लाच्या पाठीशी माणूस लागतो, हे माझं ठाम मत आहे, आणि आजही आपण त्यात कमी पडतो.

आता परत देण्याकडे. हे पाहुणे येऊन गेले, तेव्हाही हेलसिंकीजवळचं पोर्कला सोव्हिएत नाविक तळ म्हणून भाड्याने गेलेलं होतं. तुर्कूहून राजधानीकडे येणारी आगगाडी तिथून जाताना खिडक्या बाहेरून झाकून टाकत. शेजारी इतका जवळ! त्या शेजाऱ्याला भरपाईचा शेवटचा माल घेऊन निघालेली आगगाडी सप्टेंबरमध्ये वाइनिक्कालाची सरहद्द ओलांडून गेली. जुलैत पाहुणे, सप्टेंबरात देणं चुकतं.

भरपाईसाठी फिनलंडला यंत्रांचे आणि जहाजांचे कारखाने वाढवावे लागले होते. देणं संपलं, तरी कारखाने राहिले, आणि त्यांचा माल तोच शेजारी पुढे रीतसर विकत घेऊ लागला. त्यात बर्फ फोडणारी जहाजंही होती. पोर्कला 1956 च्या जानेवारीत परत मिळालं, ठरलेल्या पन्नास वर्षांच्या कितीतरी आधी.

नमस्कार.