माउसला हात न लावता

(दृश्य : कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. शनिवार दुपार. कापडी पिशवीतून लॅपटॉप बाहेर येतो.)

लॅपटॉप उत्तम चालतोय. कीबोर्डवरचा एन तेवढा पुसट झालाय. पण प्रोसेसर सातव्या पिढीचा, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. दुकानात एकच सल्ला मिळाला, "नवीन घ्या, काकू."

घरातलं कुणीतरी म्हणालं, विंडोज काढ आणि त्याजागी लिनक्स टाक, ती फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. म्हणायला काय जातंय! टाकून देणार कोण?

त्यासाठी ही शनिवारची मंडळी. लिनक्स युजर्स ग्रुप, बोलण्यात नुसतं 'लग'. पुण्या-मुंबईतही लग आहेत. पैसे घेत नाहीत, चहा मात्र पाजावा.

लिनस टोरवाल्ड्सने हेलसिंकीत १९९१ साली लिनक्स जाहीर केलं, तेव्हा ते टाकायचं म्हणजे फ्लॉप्यांची चळत आणि भरपूर वेळ. भारतात तर ते मिळवणंच मुश्कील. डायल-अपवर एक सीडी उतरवायला दिवसभराहून जास्त वेळ. मध्येच लाइन तुटली की पुन्हा श्रीगणेशा. म्हणून माणसं एकत्र जमत आणि एकमेकांच्या सीड्या कॉपी करून घेत. पुढे उबंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या सीड्या टपालाने फुकट घरी येऊ लागल्या, तेही २०११ मध्ये थांबलं. आता डाउनलोड चुटकीसरशी होतं. तरी माणसं येतातच, कारण अडतं ते पुढे.

(दृश्य : पेन ड्राइव्ह लावणारा हात. काकूंचाच.)

लॅपटॉप सुरू होताना एफ-१२ दाबायचं. काही कंपन्यांत एफ-२, काहींत आणखी काही. लिनक्स मिंट हा लिनक्सचा आणखी एक प्रकार पेन ड्राइव्हवरूनच उघडतो. आतल्या डिस्कला अजून धक्काही लागलेला नाही. आधी वायफाय तपासायचं, मग आवाज, मग कॅमेरा. वायफाय दिसलंच नाही, तर फोन केबलने जोडून त्याचं नेट वापरायचं. आणि 'इन्स्टॉल' दाबण्याआधी एकच प्रश्न तीनदा : "फोटो दुसरीकडे ठेवलेत ना?"

शेजारी बसलेल्या लगच्या मुलाचे हात बघा. पाठीमागे बांधलेले. माउस त्याने घेतला तर काम दहा मिनिटांत उरकेल, आणि काकू पुढच्या शनिवारी हाच प्रश्न घेऊन परत येतील. मागच्या बाकावर दोघांचा वाद चाललाय, लिनक्सच्या प्रकारांत डेबियन चांगलं की फेडोरा. हा वाद कुठल्याही लगमध्ये ऐकायला मिळतो. त्यांना चहा आणायला पाठवलेलं बरं.

अॅमस्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिन पोस्टमा या बाईंनी पहिलं रिपेअर कॅफे भरवलं. टोस्टर, दिवे, सायकली शेजाऱ्यांनी मिळून दुरुस्त करायच्या. आज 'एंड ऑफ टेन' ही मोहीम विंडोज १० वाल्यांना अशाच ठिकाणांची वाट दाखवते. मात्र ज्याचं दुकान टॅली या विंडोजसाठीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्याला "तुम्ही हे टाकू नका" असं सरळ सांगणारा स्वयंसेवक मला जास्त भरवशाचा वाटतो.

काकूंचा प्रश्न वेगळाच. "मराठी टाइप होईल ना?"

होतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी अक्षरांची ठरलेली मांडणी, जोडली की झालं. केच्या बटणावर क. पुसट झालेल्या एनवर ल, शिफ्टसकट ळ. सोसायटीची जुनी पत्रं मात्र उघडल्यावर अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते. ती युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांवर अक्षरं सारखीच ओळखण्याची पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. बदलून घ्यावी लागतील, एकेक करून.

(दृश्य : स्क्रीनवर हळूहळू अक्षरं उमटतात.)

"सौ. लीला..." काकू ल शोधतात. मुलगा बोलत नाही. हात अजून पाठीमागेच.

सापडला.

प्रिंटर तेवढा अजून ओळख देत नाही. तो पुढच्या शनिवारी.