आपटा की कांचन?

नमस्कार श्रोतेहो. सहावी-सातवीच्या मुलांना पानांवरून झाड ओळखायला शिकवायचं, तर पहिला तास दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घ्यावा. घरात आलेलं सोनं शाळेत आणायला सांगायचं. टेबलावर ढीग पडला की पोरांच्याच लक्षात येतं, सोनं दोन तऱ्हेचं आहे. टोकाशी दोन्ही दुभंगलेली, पण एक जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचं, दुसरं तळहाताएवढं. मग कुणीतरी म्हणतंच, "बाई, हे त्याचं पिल्लू!" शंका रास्त आहे. कांचनाचं कोवळं पान आपट्याएवढंच असतं. म्हणून कोवळं पान साक्षीला घ्यायचंच नाही. शेंड्यापासून चौथं-पाचवं, पुरतं वाढलेलं पान घ्यायचं. आता फूटपट्टी लावा. आपटा लांबीपेक्षा रुंदीला जास्त भरतो. बोटांत चोळा, जाड आणि चिवट लागतो. पालथा करा, पाठ राखट. कांचन पातळ, मऊ. आणि दसऱ्याच्या सुमारास फांदीला मोठी जांभळट फुलं दिसली, तर तो कांचन. आपट्याची फुलं बारीक, फिकट, उन्हाळ्यातली. (बाकी, चौकाचौकांत फांद्याच्या फांद्या ओरबाडून वाटे लावतात, ते मला मुळीच रुचत नाही. सोनं द्यायला एक पान पुरतं.)

पुन्हा सांगतो: कोवळं पान नको, पुरतं वाढलेलंच घ्या.

दुसरी चूक कडुनिंबाची. मुलं एक दातेरी पातं तोडतात आणि त्यालाच पान म्हणतात. ती पर्णिका. पान म्हणजे ती अख्खी काडी. खूण एकच: देठाच्या बगलेत डोळा, म्हणजे नव्या फुटव्याचा बारीक कोंब, शोधा. डोळा असेल तिथून पान सुरू. पर्णिकेच्या बगलेत डोळा नसतो. बेलाची तीन दळं म्हणजेही एकच पान.

हे जमलं की गुलमोहर आणि नीलमोहर शेजारी ठेवा. दोन्ही पिसासारखी. पण नीलमोहराची पानं फांदीवर समोरासमोर, गुलमोहराची आलटून पालटून. म्हणून सुटं पान नव्हे, डहाळीचा शेंडा बघायचा. रुई, कण्हेर मात्र तोडू देऊ नका, चीक डोळ्यात गेला तर महागात पडेल.

पानं वर्तमानपत्रात दाबताना पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदला, नाहीतर काळी पडतात, बुरशी धरतात. आणि चिठ्ठी झाडाखालीच लिहा. घरी गेल्यावर पानं समोरासमोर होती की आलटून पालटून, हे कुणालाच आठवत नाही.