आधी विचारा, मग पाळत ठेवा

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सरकारी मदत, गुप्त पाळत आणि महाराष्ट्रासाठी कायद्याचा आराखडा’. आराखडा माझ्या खिशात आहे आणि तो मी सांगणार आहे. पण मी जे काम केलं ते इथे फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून थोडं मागून सुरुवात करतो.

माझं शिक्षण पुण्यात झालं आणि नोकरी इंग्लंडमधल्या एका नगरपालिकेत. घरभाड्यासाठी सरकारी मदत घेणाऱ्यांपैकी कोणी खोटी माहिती दिली आहे का, हे शोधणाऱ्या विभागात मी होतो. त्यातही माझं काम रस्त्यावरचं. साध्या कपड्यांत, साध्या गाडीत बसायचं, समोरच्या घरात कोण येतं-जातं ते पाहायचं आणि वेळ घालून नोंदवहीत लिहायचं. पुढे २०१४ ते २०१६ च्या दरम्यान हे काम नगरपालिकांकडून काढून केंद्र सरकारच्या खात्याकडे दिलं गेलं.

आता पेठेतली मंडळी हसताहेत ते मला दिसतंय. बरोबर आहे. आपल्याकडे एखाद्या वाड्यासमोर अनोळखी माणूस गाडीत बसून राहिला, तर दहाव्या मिनिटाला काच वाजते, ‘कोण पाहिजे?’ (हशा) तिकडेही तसंच होतं हो! पडद्याआडून आजीबाई पाहत असतात आणि पोलिसांना फोन करतात. म्हणून पाळतीला बसण्याआधी आम्ही स्थानिक पोलिसांना कळवून ठेवायचो.

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, बसण्याआधी आम्हाला एक फॉर्म भरावा लागायचा. ब्रिटनमध्ये २००० साली तपासयंत्रणांच्या अधिकारांचं नियमन करणारा कायदा झाला, त्याखालचा हा फॉर्म. त्यात तीन गोष्टी लिहायच्या असत. तुला नेमकं काय शोधायचंय? ते दुसऱ्या साध्या मार्गानं कळणार नाही का? आणि या माणसाकडे पाहताना आणखी कोणाकोणाचं खासगी आयुष्य तुझ्या नजरेत येणार आहे? वरिष्ठ अधिकाऱ्यानं हे वाचून सही केली तरच गाडी निघायची. मंजुरीची मुदत तीन महिने. घराच्या आत डोकावणं, आतलं बोलणं ऐकणं हे नगरपालिकेला पूर्ण बंद. मी आयुष्यात खूप सरकारी फॉर्म भरले, पण इतका शहाणा फॉर्म दुसरा पाहिला नाही.

तो फॉर्म घाईत भरला तर काय होतं, याची एक हकीकत सांगतो. जरा लांबेल, पण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे.

एक निनावी पत्र आलं. अमुक रस्त्यावर एक बाई मुलाला घेऊन राहते, एकटी आहे असं सांगून मदत घेते, पण तिच्याकडे पुरुष राहतो. तिकडच्या नियमाप्रमाणे दोघं नवरा-बायकोसारखे एका घरात राहत असतील तर दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात. त्यामुळे असल्या पत्रांचा आमच्याकडे पाऊस. बहुतेक पत्रं शेजाऱ्यांची, काही जुन्या जोडीदारांची.

मंजुरी सकाळी सहापासूनची घेतली होती. पहिल्याच दिवशी सहा चाळीसला पिवळं जाकीट घातलेला माणूस हातात डबा घेऊन दारातून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी तेच. एके दिवशी आत काहीतरी विसरला म्हणून परत आला, तेव्हा त्यानं खिशातून किल्ली काढून दार उघडलं. किल्ली! कचरा न्यायच्या दिवशी त्यानं घरातला कचऱ्याचा डबा ओढून रस्त्याच्या कडेला लावला. आमच्या धंद्यात हे सोनं. पाहुणा कधी कचरा बाहेर काढत नाही. नोंदवही कार्यालयात गेली आणि तिथे सगळ्यांच्या लेखी प्रकरण संपलं. वसुली किती काढायची, खटला भरायचा का, यावर बोलणं सुरू झालं.

आमच्यात एक वयस्कर अधिकारी बाई होत्या. चौकशीच्या खोलीत, वकील हजर ठेवण्याचा हक्क समजावून, टेप लावून प्रश्न विचारणं हे त्यांचं काम. त्या म्हणाल्या, आधी या बाईची फाइल द्या. फाइलमध्ये तिच्या पगाराच्या पावत्या होत्या, तिनं स्वतः दर महिन्याला आणून दिलेल्या. कार्यालयं झाडण्या-पुसण्याचं काम, पहाटेची पाळी, पाचला सुरू. चौकशीत त्यांनी तिला एवढंच विचारलं, ‘तुम्ही पाचला कामावर असता, तेव्हा मुलाजवळ कोण असतं?’

तो मुलाचा बाप होता. दोघं कधीचे वेगळे झालेले. मुलाला फिट्स येतात, त्याला एकटं ठेवता येत नाही. म्हणून तो पहाटे सव्वाचारला यायचा, ती निघायची, सहा चाळीसला शेजारीण आली की हा आपल्या कामावर जायचा. त्याचं स्वतःचं घर, भाडं, विजेचं बिल, सगळं वेगळं आणि खरं. आमची पाळत सहाला सुरू व्हायची, त्यामुळे तो घरातून निघताना रोज दिसला आणि पहाटे बाहेरून येताना एकदाही दिसला नाही. नोंदवहीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

बाई निर्दोष ठरली. पण चौकशीत तिच्यावरच्या नोंदी तिला वाचून दाखवल्या होत्या. आपल्या दारात कचऱ्याचा डबा कुणी लावला हेसुद्धा सरकारनं लिहून ठेवलंय, हे तिला कळलं. त्या माणसानं भीतीनं यायचं बंद केलं, तिला पहाटेची नोकरी सोडावी लागली आणि तिची सरकारी मदत आधीपेक्षा वाढली. एका निनावी पत्रापायी एवढं झालं. आणि उत्तर कपाटातल्या फाइलमध्ये होतं.

ब्रिटनमध्ये याहून वाईट प्रकारही झाले. पूल नावाच्या समुद्राकाठच्या गावात २००८ साली तिथल्या नगरपालिकेनं एका कुटुंबावर सुमारे तीन आठवडे गुप्त पाळत ठेवली. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी दिलेला पत्ता खरा आहे का, एवढंच पाहायला. २०१० मध्ये न्यायाधिकरणानं ती पाळत बेकायदा ठरवली. त्यावर देशभर ओरड झाली, कायदा बदलला आणि नोव्हेंबर २०१२ पासून नगरपालिकेला आधी मॅजिस्ट्रेटची मंजुरी लागू लागली. शिवाय किमान सहा महिन्यांची शिक्षा होऊ शकेल इतका गंभीर गुन्हा असेल, तरच पाळत ठेवता येते, अशीही अट आली.

आता घरी येतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. उत्पन्नाची मर्यादा किती? कुटुंबाचं वर्षाला २१,००० रुपये. दिवसाला साठ रुपयांच्याही आत! पुण्यात एखाद्या बाईनं दोन घरची धुणी-भांडी केली तरी ती या मर्यादेबाहेर जाते. मग ती काय करते? उत्पन्नाचा दाखला बसवून देणारा एजंट गाठते आणि पहिल्याच हप्त्यातून त्याचे पैसे चुकवते. मला याची मनापासून चीड आहे. जगणारा प्रत्येक माणूस ज्याच्या बाहेर पडतो असा नियम करायचा आणि मग लबाड लाभार्थी शोधायला निघायचं! ज्या दाखल्यांवर एकाच हाताचं अक्षर आहे, ते दाखले जुळवून पाहायला कोणी बसत नाही. सगळी चौकशी बाईच्या दारात.

याच योजनेत घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या बायकांनाही मदत मिळते. आता गौरी-गणपतीला तिचा नवरा दोन दिवस मुलांना भेटायला आला. वस्तीत कुणीतरी पाहिलं, अर्ज गेला, ‘हिचा नवरा हिच्याजवळच राहतो.’ चौकशीला आलेला माणूस शेजारी विचारणार, शेजारी सांगणार, हो, दिसला होता. झाला पंचनामा. माझ्या इंग्लंडमधल्या नोंदवहीतला पिवळ्या जाकिटाचा माणूस तो हाच. फरक एवढाच की तिथे मला फॉर्म भरावा लागला, सही घ्यावी लागली आणि बाईला टेपसमोर बोलायला मिळालं.

लाडकी बहीण योजनेचं पाहा. जुलै २०२४ पासून महिना १,५०० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. अर्ज घेताना घाई केली आणि २०२५ मध्ये सरकारनंच सुमारे २६ लाख जणांचे पैसे अपात्रतेच्या संशयावरून थांबवले. त्यात पुरुषही निघाले. ही लबाडी खरी आहे आणि ती पकडलीच पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण दारात चारचाकी उभी आहे का हे पाहायला कोणाला पाठवलं? अंगणवाडी सेविकेला! जी बाई त्या घरातल्या बाळाचं वजन करते, गरोदर सुनेची नोंद ठेवते, तिलाच त्या घराची हेर केली. उद्या ती पोषण आहार घेऊन गेली तर दार कोण उघडेल?

(चिठ्ठी येते.) दहा मिनिटं म्हणताहेत. ठीक आहे, आराखडा.

पाळत ठेवण्याबद्दल आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. खासगी गुप्तहेर संस्थांसाठी २००७ साली विधेयक आलं, त्याचा कायदा झाला नाही. खरकसिंग खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं रात्री-अपरात्री घरी जाऊन पोलिसांनी तपासणी करणं घटनाबाह्य ठरवलं, पण माणसाच्या हालचालींवर पाळत ठेवणं चालवून घेतलं. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी तेव्हाच वेगळं मत दिलं होतं की पाळतीच्या छायेतला माणूस मोकळा नसतो. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. म्हणजे पाया तयार आहे, त्यावर लाभार्थ्यांच्या चौकशीचा कायदा राज्यानं करायला हवा.

त्यात सगळ्यात आधी हे हवं की निनावी अर्जावर कुणाच्या दारात जायचं नाही. आधी खात्याकडची कागदपत्रं पाहायची, मग त्या व्यक्तीला लेखी कळवून, सोबत कोणाला तरी आणू देऊन विचारायचं. त्यानंतरही संशय उरला आणि रक्कम मोठी असली, तर मघाशी सांगितलेला तीन प्रश्नांचा फॉर्म भरून तहसीलदाराच्या वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची. अंगणवाडी सेविका, आशाताई, शिक्षक यांना या कामाला लावायचं नाही. पैसे थांबवण्याआधी सुनावणी, आणि मदत नाकारली तर कारण मराठीत, लेखी.

संगणकाचं राहिलंच. ऑस्ट्रेलियात वर्षाच्या कमाईची सरासरी पंधरवड्यांवर पसरून संगणकानं गरिबांवर खोट्या थकबाक्या काढल्या. २०२३ मध्ये तिथल्या चौकशी आयोगानं त्या योजनेवर कडक ताशेरे ओढले. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या मदतीत हजारो पालकांना लबाड ठरवलं, त्यापायी जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. आणि आपल्याकडे लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला. टाकून गेलेल्या नवऱ्याकडे त्या बाईनं ओटीपी मागायला जायचं का? असा प्रश्न यंत्र विचारतं तेव्हा उत्तर ऐकून घ्यायला समोर माणूस बसलेला असला पाहिजे, तालुक्याच्या ठिकाणी, ठरलेल्या दिवशी, निर्णय बदलण्याचा अधिकार असलेला. आराखड्याचं हे शेवटचं कलम. उत्पन्नाच्या २१,००० च्या मर्यादेचं निवेदन बाहेर टेबलावर ठेवलंय, जाताना सही करा. आता प्रश्न घेतो.