फॉलिक ॲसिड : पानावरून पडलेले नाव

श्रोतेहो, औषधाच्या दुकानात फॉलिक ॲसिड मागितले की दुकानदार फार तर किती मिलिग्रॅमची गोळी हवी एवढे विचारतो. नावाचा अर्थ विचारण्याची गरज त्यालाही पडत नाही आणि आपल्यालाही नाही. आज मात्र त्या नावाविषयीच बोलायचे आहे, कारण जीवनसत्त्वांच्या इंग्रजी नावांपैकी हे मला सर्वांत बोलके वाटते आणि काहीसे फसवेही.

लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान. इंग्रजीत त्याचे गोत मोठे आहे: झाडाच्या पर्णसंभाराला 'फोलिएज', हस्तलिखिताच्या पानाला 'फोलिओ', सुटे कागद बाळगण्याच्या पिशवीला 'पोर्टफोलिओ'. त्वचेचा मृत थर काढण्याला सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती 'एक्स्फोलिएट' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ पाने झडवणे असा आहे. झाडाचे पान आणि पुस्तकाचे पान यांना एकच शब्द असणे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आपण तर त्याच्यावर जेवायलाही बसतो. उच्चार मात्र सांगायला हवा. इंग्रजीत पहिले अक्षर बहुधा 'फो' असे उच्चारले जाते, आपल्याकडे 'फॉ' रुळले आहे, आणि ते बरेच झाले म्हणायचे, कारण मराठीत 'फोल' म्हटले की निराळेच काही आठवते.

हे नाव १९४१ साली पडले. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स या संशोधकांनी सुमारे चार टन पालकातून हा पदार्थ वेगळा काढत आणला, आणि तो हिरव्या पानांत विपुल असतो म्हणून त्याला 'पानाचे आम्ल' अशा अर्थाचे नाव सुचवले.

पण पदार्थाची चाहूल त्याच्या दहा वर्षे आधी लागली होती, आणि तीही आपल्या मुंबईत. लूसी विल्स या इंग्लिश वैद्यकीय संशोधक १९२८ साली येथे आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गरोदर स्त्रियांच्या, विशेषतः कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांच्या, रक्तक्षयाचा अभ्यास आरंभला. या रक्तक्षयात तांबड्या पेशींची संख्या घटते, पण उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसतात. रोगजंतूंचा शोध घेऊनही कारण सापडेना. आहाराकडे पाहिले तेव्हा निकृष्ट अन्नाशी त्याचा संबंध दिसू लागला. पुढे प्राण्यांवरील प्रयोगांतून आणि रुग्णांवरील उपचारांतून यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्लंडमध्ये पावाला लावून खाल्ले जाणारे 'मार्माइट', गुणकारी ठरला, आणि १९३१ साली त्यांनी हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते, म्हणून त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. शास्त्रीय इंग्रजीतला 'फॅक्टर' हा शब्द मला फार प्रामाणिक वाटतो: वस्तू हाती आलेली नाही, पण तिचे काम दिसते आहे, एवढेच तो कबूल करतो.

त्यानंतरच्या दहाएक वर्षांत ज्याला जिथे ही वस्तू दिसली त्याने तिथले नाव तिला दिले. माकडांना ती लागते म्हणून 'व्हिटॅमिन एम', कोंबडीच्या पिलांना लागते म्हणून 'व्हिटॅमिन बीसी', एका जिवाणूच्या वाढीला लागते म्हणून त्या जिवाणूचा 'फॅक्टर'. ही सगळी एकाच कुटुंबाची नावे आहेत हे हळूहळू उलगडले. आकड्यांनीही एकवाक्यता आणली नाही. इंग्रजीत जे बी-९, तेच हॉलंडमध्ये बी-११ आहे.

१९४५ साली लेडरले प्रयोगशाळेत, आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली, हे आम्ल कृत्रिमरीत्या तयार झाले आणि त्याची रचना कळली. तेव्हा मिळालेले रासायनिक नाव 'टेरॉइलग्लुटामिक ॲसिड'. त्यातला 'टेर' ग्रीक 'प्टेरॉन' म्हणजे पंख या शब्दातून येतो. हेलिकॉप्टरच्या शेवटी तोच आहे. अशा रचनेचे रंगद्रव्य प्रथम फुलपाखरांच्या पंखांत सापडले होते, म्हणून हे नाव. पानाच्या नावाखाली पंख दडलेला आहे, ही मौज रसायनशास्त्रज्ञांनी ठरवून केलेली नाही.

आता फसवेपणाकडे येतो. सल्फ्युरिक आम्लाच्या क्षाराला जसे सल्फेट, तसे फॉलिक आम्लाच्या क्षाराला 'फोलेट', असा या शब्दाचा काटेकोर अर्थ. आहारशास्त्राच्या इंग्रजीने तो रुंदावला: 'फोलेट' म्हणजे अन्नात असणारे या कुळातले सगळे पदार्थ, आणि 'फॉलिक ॲसिड' म्हणजे गोळीत किंवा पिठात मिसळलेले, कारखान्यात बनलेले एक विशिष्ट रूप. गंमत अशी की पानाचे नाव मिरवणारे हे रूप पानात जवळजवळ नसतेच. पालकात असतात ती त्याची कमी टिकाऊ भावंडे, जी शिजवताना बरीचशी नष्ट होतात. मराठी लेखांत 'पालकात भरपूर फॉलिक ॲसिड असते' असे सर्रास छापले जाते. तिथे 'फोलेट' लिहायला हवे. हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. गोळीतले रूप शरीरात अधिक शोषले जाते, म्हणून अमेरिकेतल्या गोळ्यांच्या डबीवर '६८० मायक्रोग्रॅम फोलेट' या आकड्यापुढे '४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड' असा दुसरा आकडा दिसतो. दोन्ही आकडे एकाच गोळीचे असतात. गरोदरपणाच्या आधीपासून रोज घ्यायला सांगतात ते ४०० मायक्रोग्रॅम, बाळाच्या मज्जारज्जूतील दोष टाळण्यासाठी, या दुसऱ्या अर्थाचे आहेत.

याहून जोखमीचा फरक एका अक्षराचा आहे. मेथोट्रेक्सेट हे औषध शरीरातील फोलेटच्या कामात अडथळा आणते. कर्करोगावर त्याची मोठी मात्रा दिल्यानंतर निरोगी पेशींना वाचवण्यासाठी जे देतात ते 'फॉलिक' नव्हे, 'फोलिनिक' ॲसिड. फॉलिक ॲसिडला कामाचे रूप घ्यायला ज्या विकराची, म्हणजे एन्झाइमची, मदत लागते, नेमके तेच या औषधाने अडवलेले असते. फोलिनिक ॲसिडचे त्या विकरावाचून अडत नाही. उलट, संधिवातासाठी हेच औषध आठवड्यातून एकदा अल्प मात्रेत घेणाऱ्यांना डॉक्टर बहुधा साधे फॉलिक ॲसिडच लिहून देतात. चिठ्ठीवरचे ते मधले 'नि' वाचल्याखेरीज गोळी हातात देऊ नये आणि घेऊही नये.